चांदोलीच्या पाणलोटात पक्षी टिपायला जाताना : गटसहलीची आखणी

सांगलीकर ज्या हरिपूरच्या संगमावर संध्याकाळी हवा खायला जातात, तिथे कृष्णेला मिळणारी वारणा पाटण तालुक्यातल्या पाथरपुंजच्या परिसरात, सह्याद्रीच्या ऐन माथ्याजवळ उगम पावते. शिराळा तालुक्यात चांदोलीजवळ तिच्यावर धरण बांधलेले आहे. त्या धरणामागचा वसंतसागर हा ३४.४० टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेचा जलाशय आहे आणि त्याच्या भोवतीचे डोंगर, सडे (माथ्यावरची खडकाळ पठारे) आणि खोरी म्हणजे चांदोलीचे जंगल. १९८५ मध्ये हे जंगल अभयारण्य म्हणून घोषित झाले, २००४ मध्ये ३१७.६७ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले, २०१० मध्ये कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत त्याची नोंद झाली. एवढ्या संरक्षणाखाली असलेल्या भागात पक्ष्यांची छायाचित्रे काढायला जायचे असेल, तर नेहमीच्या सहलीपेक्षा वेगळी तयारी लागते, आणि एकट्याऐवजी गटाने जायचे असेल तर ती आणखी लागते.

नवखे लोक तयारी म्हणजे कॅमेऱ्याची तयारी समजतात. कॅमेरा महत्त्वाचा आहेच, पण चांदोलीसारख्या दाट जंगलात फोटो हुकतात ते बहुतेक वेळा गटामुळे. कोणी मोठ्याने बोलतो, कोणी उशिरा उठतो, कोणी सर्वांच्या पुढे उभा राहतो. म्हणून पुढची सगळी आखणी पक्ष्यांइतकीच माणसांचीही आहे.

पहिला टप्पा : काय दिसणार आहे ते आधी समजून घ्या

जलाशय म्हटला की बदके, रोहित आणि करकोचे असतील, अशी समजूत करून अनेक जण चांदोलीला जातात आणि निराश होऊन परततात. यामागचे कारण साधे आहे. वसंतसागर किंवा कोयनेचा शिवसागर हे डोंगरदऱ्या भरून तयार झालेले खोल जलाशय आहेत. त्यांचे काठ उताराचे असल्याने चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या आणि उथळ पाण्यात डोके बुडवून चरणाऱ्या पक्ष्यांना तिथे फारशी जागा नसते. पाणकावळे, खंड्या, नदी सुरय, एखादा बगळा, काठाच्या वठलेल्या झाडावर बसलेला तुरेवाला सर्पगरुड, असे पक्षी तिथे भेटतात. थापट्या बदकांचे थवे भेटत नाहीत.

ज्यांना पाणपक्षीच टिपायचे आहेत त्यांनी साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात, खटाव तालुक्यातल्या मायणी आणि येरळवाडी तलावांकडे जावे. या परिसरातल्या तलावांच्या समूहाला २०२१ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे. हिवाळ्यात तिथे चक्रवाक, थापट्या, शेकाट्या यांच्याबरोबर पट्टकादंब आणि रोहितही उतरतात. जागा मोकळी, प्रकाश भरपूर आणि पक्षी मोठे, त्यामुळे शिकायला हे तलाव चांदोलीपेक्षा चांगले आहेत. माझे स्पष्ट मत आहे की ज्या गटात निम्म्याहून अधिक लोक पहिल्यांदाच लांब पल्ल्याची लेन्स हातात घेत आहेत, त्या गटाने चांदोलीआधी एक सकाळ येरळवाडीला किंवा निदान कृष्णेच्या घाटावर सराव करावा. उडणारा बगळा फोकसमध्ये धरता येत नसेल, तर पानांच्या गर्दीत उडी मारणारा चिमुकला नाचण पक्षी धरता येणार नाही.

चांदोलीचे खरे धन जंगलातले पक्षी हे आहे. मलबारी राखी धनेश, राखी रानकोंबडा, शीळकरी कस्तूर, भृंगराज, स्वर्गीय नर्तक, हरेवा, पांढऱ्या गालाचा तांबट, नशीब असेल तर मलबारी कर्णा, आणि महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, असा हा मेळा आहे. यांपैकी बरेचसे पक्षी आधी ऐकू येतात आणि मग, दिसलेच तर, दिसतात. त्यामुळे निघण्यापूर्वी दहा-पंधरा नेहमीच्या पक्ष्यांचे आवाज सर्वांनी ऐकून ठेवावेत. हा अभ्यास घरी बसून करायचा आहे. जंगलात मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणे हा वेगळा विषय आहे आणि त्याविषयी पुढे येईलच.

दुसरा टप्पा : गट ठरवा, आणि लहान ठरवा

सहा ते आठ जण ही मर्यादा पाळावी. वीस जणांची बस काढली की वर्गणी कमी बसते, हे खरे आहे. पण वीस जणांना एक धनेश दाखवणे शक्य नसते आणि वीस जणांना गप्प ठेवणे त्याहूनही अवघड असते. जंगलातल्या जीपमध्ये चालक, मार्गदर्शक आणि लेन्स घेतलेले चार जण एवढेच सुखाने बसतात. पाचवा आणि सहावा माणूस बसतो, पण पक्षी डाव्या बाजूला आला की उजवीकडच्यांची लेन्स डावीकडच्यांच्या डोक्यावरून जाते आणि गाडी हलते. म्हणून दोन गाड्या आणि आठ माणसे हा हिशेब सोयीचा आहे. मोठी संस्था असेल तर सर्वांना एकाच दिवशी नेण्यापेक्षा दोन शनिवार-रविवारी दोन तुकड्या न्याव्यात.

गटात तीन कामे नावानिशी वाटून द्यावीत. एक गटप्रमुख, ज्याचा शब्द जंगलात शेवटचा असेल आणि जो परवानगीची कागदपत्रे स्वतःजवळ ठेवेल. दुसरा नोंद ठेवणारा, जो वेळ, ठिकाण, पक्षी आणि संख्या लिहून ठेवेल. ज्याच्याकडे लांब लेन्स नाही अशा सदस्याला हे काम दिले तर त्याला सहलीत नुसते बघे राहावे लागत नाही, आणि खरे सांगायचे तर चांगला नोंद ठेवणारा गटात सर्वाधिक पक्षी पाहतो. तिसरा खजिनदार. प्रवेश, वाहन, मार्गदर्शक आणि कॅमेरा यांचे शुल्क वेगवेगळे आकारले जाऊ शकते, म्हणून वर्गणी आधी गोळा करावी आणि प्रवेशद्वाराशी सुट्ट्या पैशांसाठी खोळंबा होऊ देऊ नये.

निघण्याच्या आठवडाभर आधी सर्वांना एकत्र बसवून काही गोष्टी तोंडी मान्य करून घ्याव्यात, कारण त्या जंगलात समजावता येत नाहीत. पक्ष्याचा आवाज वाजवणार नाही, फ्लॅश वापरणार नाही, खाणे टाकून पक्ष्याला जवळ आणणार नाही, घरट्याचा फोटो काढणार नाही, मार्गदर्शकाने सांगितले की तिथून निघणार. यावर कोणी हुज्जत घालत असेल, तर त्याला या खेपेस घरी ठेवलेले बरे. त्याने नाराजी येईल, पण एका माणसाच्या हट्टापायी आठ जणांची सकाळ आणि एखाद्या जोडीचा विणीचा हंगाम वाया जाण्यापेक्षा ती परवडते.

आवाज वाजवण्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण नवख्यांना त्यात काय वाईट हे कळत नाही. नर पक्षी आपल्या हद्दीत दुसऱ्या नराचा आवाज ऐकतो तेव्हा तो त्याला हुसकावण्यासाठी धावून येतो. आपल्याला फोटो मिळतो. त्याचा मात्र चारा शोधण्याचा, मादीजवळ राहण्याचा किंवा पिलांना भरवण्याचा वेळ न दिसणाऱ्या शत्रूशी झुंजण्यात जातो. एका गटाने एकदा वाजवले तर कदाचित निभावेल. पण त्याच वळणावर दर रविवारी कोणीतरी वाजवत असेल, तर तो पक्षी ती जागा सोडून जातो.

तिसरा टप्पा : तारीख

पावसाळ्यात, साधारणपणे जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, उद्यान पर्यटकांसाठी बंद असते. पाथरपुंजचा धो-धो पाऊस ज्यांना ऐकून माहीत आहे त्यांना याचे कारण विचारावे लागणार नाही.

नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ स्थलांतरित पक्ष्यांचा आणि आल्हाददायक हवेचा असतो. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबरचा आणि सालिम अली यांचा १२ नोव्हेंबरचा. त्या आठवड्यात सहल काढण्याचा मोह होतो, पण पावसानंतरचे गवत तेव्हा उंच असते आणि झाडी इतकी भरगच्च असते की पक्षी ऐकू येतात आणि दिसत नाहीत.

छायाचित्रणासाठी मला फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च अधिक पसंत आहे. तेव्हा पानगळ झालेली असते, आणि सावर, पळस आणि पांगारा फुललेले असतात. एका फुललेल्या पांगाऱ्यावर सकाळच्या दोन तासांत भोरड्या, कोतवाल, हरेवा, शिंजीर, बुलबुल आणि मैना येऊन जातात. त्यांच्यामागे धावावे लागत नाही, झाड उघडे असल्याने फांद्या आड येत नाहीत आणि पार्श्वभूमीला आकाश किंवा दूरचा डोंगर मिळतो. उंबर पिकलेला असेल तर धनेश आणि हरियाल तिथे येतात. म्हणून तारीख नक्की करण्यापूर्वी मणदूर-वारणावती भागातल्या मार्गदर्शकाला फोन करून कोणते झाड फुलले आहे आणि कोणता उंबर लागला आहे एवढे विचारावे. पंचांगापेक्षा हे उत्तर अधिक उपयोगी पडते.

एप्रिल-मे मध्ये पाणवठ्यांवर हालचाल वाढते आणि नवरंगासारखे पक्षी पावसाच्या आधी दाखल होतात, परंतु हा अनेक पक्ष्यांच्या विणीचाही काळ असल्याने नवख्या गटाने तो टाळावा असे मी सुचवेन. वर्षातली कोणतीही तारीख निवडली तरी शनिवार-रविवारला लागून आलेल्या सुट्ट्यांचे दिवस घेऊ नयेत.

चौथा टप्पा : परवानगी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात प्रवेशासाठी परवाना लागतो, आणि छायाचित्रण हे ज्या कारणांसाठी परवाना दिला जातो त्यांतले एक आहे. वन्यजीव कायदा म्हणजे काय, हे नागपंचमीला जिवंत नाग पकडण्यावर याच कायद्याने बंधन आलेल्या बत्तीस शिराळ्याजवळून जाणाऱ्यांना फार फोड करून सांगायला नको.

नेहमीच्या पर्यटन मार्गावर सकाळची फेरी करायची असेल तर प्रवेशाची नोंद वनविभागाच्या ठरलेल्या पद्धतीने होते. लपणगृहात (पक्षी पाहण्यासाठीच्या आडोशात) बसायचे असेल, नेहमीच्या मार्गाबाहेर जायचे असेल किंवा संस्थेच्या नावाने मोठा गट न्यायचा असेल, तर लेखी अर्ज करावा. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रसंचालकांचे कार्यालय कोल्हापूरला आहे. चांदोलीच्या वनक्षेत्रपालांशी आधी बोलून अर्ज नेमका कोणाच्या नावे करायचा ते विचारून घ्यावे. अर्ज निदान महिनाभर आधी पोहोचेल असे पाहावे.

अर्जात सर्वांची नावे, वये, ओळखपत्राच्या प्रती, वाहनांचे क्रमांक, तारखा, जाण्याचा मार्ग आणि हेतू लिहावा. हेतूच्या जागी ‘हौशी पक्षी छायाचित्रण’ असे स्पष्ट लिहावे. माहितीपट, जाहिरात किंवा पैसे घेऊन चालवलेली कार्यशाळा यांसाठी वेगळी परवानगी लागते, आणि शुल्क भरून शिकवणी घेणाऱ्या गटाने स्वतःला हौशी म्हणवून घेऊ नये. ड्रोन नेऊच नये. त्याच्या आवाजाने पक्षी उठतात, शिकारी पक्षी त्यावर झडप घालतात आणि परवानगीशिवाय संरक्षित क्षेत्रात तो उडवणे हा गुन्हा आहे.

प्रवेशाचे दिवस, साप्ताहिक सुट्टी, वेळा आणि शुल्क वनविभाग वेळोवेळी बदलतो. गेल्या वर्षी गेलेल्या मित्राने सांगितले यावर विसंबू नये, आठवडाभर आधी पुन्हा फोन करावा. वाघांच्या पुनर्स्थापनेसाठी २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ताडोबातून एक वाघीण चांदोलीत आणण्यात आली. अशा कामांमुळे एखादा मार्ग ऐन वेळी बंद ठेवला जाऊ शकतो. तसे झाल्यास प्रवेशद्वारावरच्या वनरक्षकाशी वाद घालू नये, कारण निर्णय त्याचा नसतो आणि पुढच्या वर्षी आपल्याला पुन्हा त्याच दारातून जायचे असते.

पाचवा टप्पा : रस्ता आणि मुक्काम

महामार्गावरून येणाऱ्यांनी पेठ नाक्याला वळून शिराळा, कोकरूड, शेडगेवाडी, आरळा या मार्गाने मणदूर-वारणावती गाठावे. साताऱ्याकडून येणाऱ्यांना कराडहून उंडाळेमार्गे शेडगेवाडीला येता येते. सांगलीहून पहाटे निघून सकाळच्या फेरीला पोहोचू, असा बेत करू नये. अर्धी झोप घेऊन घाटवळणांवर गाडी चालवणे धोक्याचे आहे, आणि पहिल्या तासाचा प्रकाश रस्त्यातच संपतो. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पायथ्याच्या गावात पोहोचून मुक्काम करावा. गावातल्या घरी राहण्या-जेवण्याची सोय होत असेल तर हॉटेलपेक्षा ती निवडावी. पैसा गावात राहतो आणि जेवताना जंगलाची जी माहिती मिळते ती एरवी मिळत नाही. या भागातली झोळंबी, सोनार्ली, निवळे यांसारखी गावे अभयारण्य आणि धरणापायी उठली. त्या गावठाणांवरची आंब्याची झाडे, विहिरी आणि देवळांचे चौथरे अजून जंगलात आहेत, आणि दाट झाडीच्या मधोमध असलेले ते मोकळे तुकडे पक्ष्यांसाठी उत्तम असतात. कोणत्या गावठाणावर काय दिसते, हे तिथून उठून आलेल्या माणसांना जितके माहीत असते तितके इतरांना नसते. विचारताना मात्र हे ध्यानात ठेवावे की आपल्यासाठी जे पक्ष्यांचे ठिकाण आहे ते त्यांचे घर होते.

सहावा टप्पा : सामान

चारशे मिलिमीटरपर्यंत पोहोचणारी लेन्स असावी. शंभर-चारशे किंवा दीडशे-सहाशे यांपैकी कोणतीही चालते. नवी घेण्याची घाई करू नये. भाड्याने मिळते, आणि आधीच्या सराव सकाळी ती वापरून पाहता येते. जीपमध्ये तिवई उघडता येत नाही, म्हणून तांदूळ किंवा मूग भरलेली कापडी पिशवी न्यावी आणि गाडीच्या कडेवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. पायी परवानगी असलेल्या ठिकाणी एकपायी काठी (मोनोपॉड) पुरते. दोन बॅटऱ्या, दोन कार्डे, धूळ आणि दव पुसायला मऊ कापड आणि प्रत्येक गाडीत निदान एक दुर्बीण. दुर्बीण नसलेले गट पक्षी ओळखण्यासाठी कॅमेरा वापरतात आणि त्यात बॅटरी व संधी दोन्ही घालवतात.

कपडे मातकट किंवा शेवाळी रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. पांढरा, लाल आणि चकाकणारा कपडा नको. अत्तर नको. गवतातून चालल्यावर गोचिड अंगावर चढतात, म्हणून पायमोज्यात विजार खोचावी. जेवण भाकरी, चपाती, चटणी, फळे असे डब्यात न्यावे. प्लॅस्टिकच्या पुड्या नेल्याच नाहीत तर परत आणण्याचा प्रश्न येत नाही. जंगलात चूल पेटवायची नाही आणि मद्य न्यायचे नाही, हे प्रौढांना सांगावे लागू नये, पण सांगावे.

सातवा टप्पा : प्रत्यक्ष सकाळ

जानेवारी-फेब्रुवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, परंतु खोऱ्यात ऊन उतरायला आणखी वेळ लागतो. हा पहिला तास फोटोंसाठी अंधारा आणि कानांसाठी समृद्ध असतो. तेव्हा कॅमेरे मांडीवर ठेवून ऐकावे. रानकोंबड्याची बांग कोणत्या बाजूने येते, तांबट कुठे पुटपुटतो आहे, हे समजले की पुढे गाडी कुठे थांबवायची हे ठरते.

गाडी थांबली की चालकाला इंजिन बंद करायला सांगावे. इंजिनाची थरथर लांब लेन्समध्ये कित्येक पटींनी वाढून दिसते. पक्षी दिसल्यावर बोट दाखवून ओरडायचे नाही. हात झटकन वर गेला की पक्षी उडतो, आणि बोटाच्या रेषेत काय आहे ते दुसऱ्याला कळतही नाही. त्याऐवजी झाड, बाजू आणि उंची हळू आवाजात सांगावी : ‘उंबर, उजवी फांदी, मधल्या उंचीला, शेंड्याकडे तोंड.’ ही पद्धत आदल्या संध्याकाळी गावातल्या झाडांवर दोन-चार वेळा घोकून घ्यावी. पाहायला हास्यास्पद वाटते, पण दुसऱ्या दिवशी तिचा उपयोग कळतो. दर थांब्यानंतर गाडीतल्या बाजू बदलाव्यात, म्हणजे कोणा एकालाच चांगली बाजू मिळत नाही.

कॅमेऱ्याची जुळणी जंगलात आणि पाण्याकाठी वेगवेगळी ठेवावी लागते. सावलीत बसलेल्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाचा अडीचशेवा ते पाचशेवा भाग ठेवावा, अ‍ॅपर्चर (लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र) पूर्ण उघडे ठेवावे आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, सोळाशे ते बत्तीसशे, गरज पडली तर त्याहून वर जाऊ द्यावा. नवखे लोक दाणेदार फोटोच्या भीतीने आयएसओ कमी ठेवतात आणि हललेले फोटो घेऊन घरी येतात. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला पक्षी स्थिर करता येत नाही. उडणाऱ्या पक्ष्यासाठी हजारावा भाग किंवा त्याहून अधिक वेग हवा. आकाशासमोर बसलेला धनेश काळा ठिपका होतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) एक ते दोन टप्पे वाढवावे. गडद पाण्यासमोरच्या पांढऱ्या बगळ्याला उलट, ते कमी करावे. रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, फोटो काढावेत. निःशब्द शटर असेल तर तेच वापरावे, आणि नसेल तर एका दमात तीस फोटोंची फैर झाडण्याऐवजी तीन-चारच काढावेत.

ऊन चढल्यावर, साधारण आठ-साडेआठनंतर, जंगलात मिश्र थवे फिरू लागतात. कोतवाल, नाचण, वल्गुली, निखार असे वेगवेगळ्या जातींचे लहान पक्षी एकत्र, झाडामागून झाड चाळत पुढे सरकतात. काही क्षणांपूर्वी निःशब्द असलेली झाडे अचानक हलू लागतात आणि नवख्यांची तारांबळ उडते, कारण प्रत्येक जण प्रत्येक पक्ष्याच्या मागे कॅमेरा फिरवतो. इथे करण्यासारखी गोष्ट एकच : थवा कोणत्या दिशेने जातो आहे ते पाहून त्याच्या वाटेवरच्या एखाद्या उघड्या फांदीवर फोकस धरून थांबावे. थव्यातला कोणता ना कोणता पक्षी तिथे येतो. थव्याच्या मागे गेल्यास फक्त शेपट्या मिळतात.

पहिला फोटो लांबून काढावा, मग पक्ष्याला पाहावे. त्याने चरणे थांबवले, मान ताठ केली, शेपूट झटकू लागला किंवा धोक्याचा स्वर काढला, तर आपण जरुरीपेक्षा जवळ आहोत. चोचीत अळी किंवा फळ घेऊन तो एकाच जागी फिरत राहिला आणि पुढे जात नसला, तर घरटे जवळ आहे आणि तो आपल्या जाण्याची वाट पाहत आहे. अशा वेळी फोटो सोडून गटाने मागे सरावे. धनेशाच्या बाबतीत हे जिवावर बेतते. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, तिला आणि नंतर पिलांना फटीतून भरवण्याचे काम प्रामुख्याने नरावर असते, आणि तो माणसांना बिचकून येईनासा झाला तर आतले सगळे उपाशी राहतात. ढोली सापडल्याचा आनंद गटाने मनातच ठेवावा आणि तिथे थांबू नये.

दहाच्या पुढे प्रकाश कडक होतो आणि हालचाल मंदावते. तेव्हा काठावरच्या झाडांवरील शिकारी पक्षी किंवा सड्यावरच्या आकाशात घिरट्या घालणारे गरुड पाहावेत, डबे खावेत आणि दुपारी विश्रांती घ्यावी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाडी पळवत ठेवण्याचा आग्रह धरणारा एक जण प्रत्येक गटात असतो. त्याला मार्गदर्शकाशेजारी बसवावे.

आठवा टप्पा : धोके

चांदोलीत गवे मोठ्या संख्येने आहेत, अस्वल आणि बिबट्याही आहेत. यांपैकी नवख्याला धोका सर्वाधिक गव्याचा, कारण तो गुरासारखा शांत दिसतो आणि लोक त्याच्याकडे चालत जातात. गाडीतून उतरायचे ते फक्त मार्गदर्शक सांगेल तिथे, आणि लेन्सला डोळा लावून मागे सरकत जायचे नाही. दगडांच्या कपारीत हात घालायचा नाही. सर्पदंश झालाच तर जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांत वेळ न घालवता रुग्णाला हलू न देता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि गाडी तातडीने रुग्णालयाकडे काढावी. वनविभागाची मदत १९२६ या क्रमांकावर मिळते. आत मोबाईलची रेंज भरवशाची नसते, म्हणून परतण्याची वेळ मुक्कामाच्या घरी आणि कोणा एकाच्या कुटुंबात सांगून ठेवावी.

नववा टप्पा : परतल्यावर

दोन दिवसांनी सर्वांनी एकत्र बसून फोटो पाहावेत, आणि प्रत्येकाने दहाच फोटो आणावेत असा नियम करावा. शेकडो फोटोंतून दहा निवडताना जे शिकायला मिळते ते शिबिरात मिळत नाही. ओळख न पटलेला पक्षी ‘अनोळखी’ म्हणून नोंदवावा. ओढूनताणून दुर्मीळ नाव देऊ नये. राखी धनेश पाहिला असताना गरुड धनेश लिहिणे हा उत्साह समजण्यासारखा असला, तरी त्या नोंदीचा पुढे कोणाला तरी त्रास होतो.

नोंद ठेवणाऱ्याच्या वहीवरून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरावी आणि यादीत साध्या पक्ष्यांची संख्याही द्यावी. बुलबुल किती होते हे कोणी लिहीत नाही, आणि दहा वर्षांनी नेमका तोच आकडा हवा असतो. समाजमाध्यमांवर फोटो टाकताना घरटे, ढोली किंवा रातवा-घुबडाच्या विश्रांतीच्या जागेचा पत्ता देऊ नये, फोटोतली स्थाननोंदही काढून टाकावी. ‘चांदोली परिसर’ एवढे पुरते.

शेवटी यादीची एक प्रत आणि तीन-चार चांगली छायाचित्रे वनक्षेत्रपाल कार्यालयाला परवानगीच्या पत्राचा क्रमांक लिहून पाठवावीत, एक प्रत ज्या घरी उतरलात तिथे द्यावी, आणि खजिनदाराने उरलेल्या वर्गणीचा हिशेब त्याच बैठकीत मांडावा. परवानगीचे पत्र मात्र फाडू नये. पुढच्या वर्षीच्या अर्जाला ते जोडता येते.